अदबखाना

“सर, पोरगी तुमच्या हवाली,” आप्पा म्हणाले आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेऊन त्यांनी ती मुजावर सरांच्या हातात दिली. “डब्यात धपाटी हायत. दोघांनाबी पुरतील.”

जयसिंगपूरच्या स्टँडवर अजून उजाडायचं होतं. कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यामुळे हवेत मळीचा आंबूस वास भरून राहिला होता. कोल्हापूरची गाडी लागली होती, पण ड्रायव्हर चहाला गेला होता. मी शाळेच्या गणवेशात, अंगावर आईची शाल.

“काळजी करू नका, आप्पासाहेब,” सर म्हणाले.

“काळजी न्हाई ओ. अट ध्यानात हाय न्हवं, एवढंच.” आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “पहिल्या दोघींत आलीस तर पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जा. पुढं सांगलीला कॉलेजलाबी घालतो. तीन वर्षं स्थळाचं नाव काढायचा न्हाई मी. न्हाई आलीस, तर उद्या इचलकरंजीचे पाहुणे येतील, त्यांच्यापुढं मुकाट्यानं बसायचं. मान्य?”

“मान्य,” मी म्हणाले.

आमचे आप्पा भांड्यांचे दुकानदार. घासाघीस झाल्याशिवाय त्यांना काही विकल्यासारखं वाटत नसे आणि अट घातल्याशिवाय काही दिल्यासारखं वाटत नसे. मी बारावीत होते. चैत्रात मला अठरावं पुरं होणार, म्हणून घरात स्थळांची कुजबुज सुरू झाली होती. सरांच्या कानावर ते गेलं आणि ते दोनदा घरी येऊन आप्पांना म्हणाले, एवढी चांगली मुलगी, तिला आत्ता थांबवू नका. सरांना नाही म्हणायचा आप्पांना धीर होईना आणि मला सरळ हो म्हणणंही त्यांना जमेना. मग त्यांनी ही मधली वाट काढली. माणूस वाईट नव्हता. शब्दाचा मात्र पक्का होता, आणि त्या दिवशी मला भीती वाटत होती ती त्याचीच.

गाडी सुटली. सर माझ्या शेजारच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसले. गाडीत बसतानासुद्धा त्यांची पाठ टेकत नसे.

मुजावर सर आम्हाला गणित शिकवायचे आणि दर बुधवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेच्या खोलीत बुद्धिबळ. चाली शिकवणारे गावात आणखीही होते. पण चालीच्या आधी पाटासमोर बसायचं कसं ते शिकवणारे हे एकटेच. “आधी अदब, मग चाल,” हे त्यांचं वाक्य. डाव सुरू करताना उभं राहून हात मिळवायचा. समोरचा विचार करत असताना बोटं वाजवायची नाहीत, उसासे टाकायचे नाहीत, शेंगदाणे खायचे नाहीत. जिंकलं तर खोलीच्या बाहेर जाईपर्यंत हसायचं नाही. हरलं तर आपला राजा आपल्या हातानं आडवा करायचा, “छान खेळलास” म्हणायचं, आणि ते तोंड वाकडं न करता. बघणाऱ्यानं तर तोंड उघडायचंच नाही. शाळेतली पोरं आमच्या मंडळाला ‘अदबखाना’ म्हणायची. “अदबखान्यातनं सुटलीस का गं राजमती?” असं मला रस्त्यात विचारायची. माझ्या नावातच राजा आणि मती दोन्ही असल्यामुळे चिडवायला त्यांना फार डोकं चालवावं लागत नसे.

सगळ्यात अवघड नियम डाव सोडण्याचा होता. हरलोय हे दोघांनाही कळून चुकलं की डाव ओढायचा नाही. “जेवणं झाली, पानं खाऊन झाली, घरातली माणसं जांभया देताहेत, तरी पाहुणा उठत नाही. कसं वाटतं?” सर विचारायचे. “मात होईपर्यंत चिकटून बसणं तसंच आहे.” बाहुबली मगदूम नावाचा एक मुलगा होता. त्यानं एकदा नुसता राजा उरलेला असताना समोरच्याला मात करता येतेय का बघू, म्हणून अर्धा तास खेळवलं. सरांनी त्याला सगळ्यांसमोर समोरच्याची माफी मागायला लावली. तो रडत घरी गेला.

सर कधी ओरडत नसत. कुणाकडून बेअदबी झाली, की ते नुसते खोकायचे. छोटा, कोरडा, घशातल्या घशात. कुणी हरलेला डाव ओढत बसलं की हमखास. त्या खोकल्यासरशी आमचा हात आपोआप राजाकडे जायचा आणि तो आडवा व्हायचा. बाहुबली म्हणायचा, सरांना कधी खरा खोकला झाला तर आपण सगळे डाव हरणार. आम्ही पोट धरधरून हसायचो.

स्पर्धा कोल्हापुरात एका शाळेच्या सभागृहात होती. मुलींच्या गटात आम्ही मोजक्याच, पण बाकीच्या सगळ्या शहरातल्या. त्यांच्याकडे छापील पुस्तकं होती आणि डाव लिहायच्या स्वतंत्र वह्या. मी पहिला डाव हरले. नंतर मात्र माझा हात बसला. दुपारी धपाटी खाताना सर काहीच बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे माझं बरं चाललंय, हे मला माहीत होतं.

शेवटच्या फेरीआधी ते जवळ आले. “राजमती, ऐक. बरोबरी केलीस तरी तू दुसरी येतेस. जिंकायची गरज नाही. अर्धा गुण पुरे.”

“अर्धा गुण,” मी म्हणाले. मला वाटलं, एवढं तर मी झोपेतही आणीन.

समोर शर्मिष्ठा देसाई होती. कोल्हापुरातलीच, माझ्याच वयाची, मनगटावर मुलांचं असतं तसं मोठं घड्याळ. तिनं हात मिळवला तो बसूनच. नंतर तिनं पेन्सिल दातात धरली आणि ती चावत ती खेळू लागली. माझी चाल असली की ती पेन्सिल पाटाच्या कडेवर टकटक वाजवायची. आमच्या खोलीत हिला सरांनी पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं, असं माझ्या मनात आलं आणि मला जरा बरं वाटलं. अशा मुलीपुढे मी नीट बसून, नीट खेळून दाखवणार होते.

तासाभरात माझं एक प्यादं गेलं. मग आणखी एक. मग वजिराच्या बदल्यात मला फक्त तिचा हत्ती आणि घोडा मिळाला, आणि पुढं माझाही एक घोडा गेला. बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे सर उभे होते, बाकीच्या शिक्षकांबरोबर. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. पण ते तिथं आहेत हे माझ्या पाठीला कळत होतं.

शेवटी पाटावर उरलं ते असं. माझा राजा कोपऱ्यात, तिच्या वजिरानं त्याच्या भोवतालची सगळी घरं धरलेली. माझं एकच प्यादं, तेही तिच्या प्याद्यानं समोरून अडवलेलं. हलण्यासारखा एक हत्ती तेवढा होता. चाल माझी होती. पुढच्या चालीला ती मात देणार, हे तिला दिसत होतं आणि मलाही दिसत होतं.

मी बघत राहिले. हत्तीनं मला शह देता येत होता, पण तिच्या राजाला अगदी खेटून, बिनजोराचा. तिनं तो उचलून खाल्ला असता. मग पुढं काय, एवढं बघायला मी थांबायला हवं होतं. पण हत्ती असा फुकट द्यायचा, मरण एका चालीनं लांबवायचं, समोरच्याला उगीच आणखी बसवायचं, हे मला बेअदबीचं वाटलं. तरीही मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. कारण तो राजा आडवा झाला की उद्या इचलकरंजीचे पाहुणे होते.

शर्मिष्ठानं मोठा उसासा टाकला. घड्याळ बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. “अजून बसणारेस?” ती पुटपुटली.

माझे कान तापले. मी आजवर कुणावर असं म्हणायची पाळी आणली नव्हती. माझा हात मांडीवरून उठून पाटाच्या कडेपाशी आला. आणि त्याच वेळी मागून तो खोकला ऐकू आला. छोटा, कोरडा. सभागृहात पन्नास माणसं खोकली असती तरी मी तो ओळखला असता.

मी राजा आडवा केला. उभी राहिले, हात पुढे केला. “छान खेळलीस,” मी म्हणाले, आणि तोंड वाकडं केलं नाही.

शर्मिष्ठानं माझा हात धरला तो सोडलाच नाही. “अगं बाई! सुटले मी!” तिचा चेहरा एकदम बदलला. ती आता मला एक साधी, घाबरलेली मुलगी दिसली. “मला वाटलं, तुला दिसलं. म्हणून तर मी घाई करत होते.”

“काय दिसलं?”

तिनं माझा राजा पुन्हा उभा केला. माझा हत्ती उचलून तिनं आपल्या राजाला खेटून ठेवला. “हा शह. मी खाल्ला. आता तू काय हलवणार?” ती माझ्याकडे बघत राहिली. “राजाला घर नाही, प्यादं अडलंय, आणि तुझ्या राजाला शहही नाही. चालच नाही ना तुला! स्टेलमेट. डाव बरोबरीत.”

“आणि तू हत्ती खाल्ला नसतास तर?”

“तर परत शह. परत शह. सुटकाच नव्हती मला.” तिनं पाटावरचे मोहरे गोळा करायला सुरुवात केली. “मी असते ना, तर मात झाल्याशिवाय उठलेच नसते बाई. कशाला उठायचं?”

मी वळून सरांकडे पाहिलं. ते दोरीपाशी नव्हते. भिंतीकडच्या बाकावर बसले होते. पाठ टेकून.

बक्षीस समारंभात मला एक चषक मिळाला. तिसऱ्या क्रमांकाला बक्षीस नव्हतं. चषक होता ‘उत्कृष्ट खिलाडूवृत्ती’साठी. संस्थेचे अध्यक्ष ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, “एवढा महत्त्वाचा डाव गेला, पण या मुलीच्या चेहऱ्यावर रेषा हलली नाही. डाव कसा सोडावा हे हिच्याकडून शिकावं.” टाळ्या वाजल्या. माझ्या चेहऱ्यावर तेव्हाही रेषा हलली नसणार. आतमध्ये मात्र मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, आणि कसं ओरडायचं ते मला येत नव्हतं.

परतीची गाडी हातकणंगल्यापर्यंत आली. खिडकीबाहेर उसाच्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. शेवटी मीच विचारलं.

“सर, तुम्हाला दिसलं होतं?”

“हो.”

“कधी?”

“तिनं वजीर तिथं आणला तेव्हाच.”

“मी तेच बघत होते, सर. शह दिसत होता मला. आणखी थोडा वेळ बसले असते तर पुढचंही दिसलं असतं. पण तुम्ही खोकलात.”

सर माझ्याकडे वळले. “म्हणजे?”

“तुम्ही खोकलात ना. मला वाटलं, मी डाव ओढतेय. बेअदबी होतेय. म्हणून सोडला.”

सरांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं सोडून नुसताच हातात धरला.

“राजमती,” ते म्हणाले, “मी थांब म्हणत होतो गं.”

मला आधी कळलंच नाही.

“तुझा हात राजाकडं निघालेला दिसला मला. बघणाऱ्यानं बोलायचं नाही, मीच सांगतो तुम्हाला. आजवर कुणाला मी डावात खूण केली नाही. आज पहिल्यांदा केली. वाटलं, एवढं एकदा. या पोरीसाठी. म्हटलं, खोकलो की ती दचकून थांबेल, पुन्हा बघेल.” त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. “मी विसरलोच, तुम्हाला त्या खोकल्याचा अर्थ मीच शिकवलाय.”

मला त्यांचा राग आला. खूप आला. आणि लगेच त्यांची कीव आली, आणि ती रागापेक्षा वाईट होती, कारण रागात निदान काही बोलता तरी येतं. मी खिडकीकडे तोंड केलं. सर पिशवी मांडीवर घेऊन तसेच बसले होते.

स्टँडवर उतरताना ते म्हणाले, “उद्या मी घरी येतो. आप्पांना सांगतो.”

“काय सांगणार?”

“खरं ते. डाव बरोबरीचा होता, माझ्यामुळे गेला. अट मोडू नका, पण धरूही नका, म्हणून सांगतो.”

घरी आप्पा वाट बघत ओट्यावरच बसले होते. मी “तिसरी” म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. जेवताना त्यांनी एकदाच विचारलं, “किती कमी पडलं?” मी म्हणाले, “अर्धा गुण.” ताटातली भाकरी त्यांनी मोडली आणि तशीच ठेवली. मला त्या वेळी वाटलं, त्यांनाही मी जिंकावं असं वाटत होतं. निदान अट जिंकावी, म्हणजे त्यांना स्वतः काही ठरवावं लागलं नसतं.

पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बोरगावे आण्णा, त्यांच्या सौ., आणि मुलगा श्रेणिक. सुताचा व्यापार, इचलकरंजीत स्वतःचं घर. आण्णा मोठ्या आवाजाचे, हसतमुख गृहस्थ. श्रेणिक सारखा आपल्या चपलांकडे बघत होता, जणू त्या कुणी उचलून नेतील. आईनं मला तिची अंजिरी साडी नेसवली होती. मी पोहे नेऊन दिले, नमस्कार केले आणि सांगितलं तिथं खाली मान घालून बसले.

चषक आप्पांनी टेबलावर ठेवला होता. मला वाटतं, त्यांना काहीतरी माझ्या बाजूचं दाखवायचं होतं. आण्णांनी तो उचलून फिरवून बघितला.

“हे कशाचं ओ?”

“बुद्धिबळाचं,” आप्पा म्हणाले. “काल कोल्हापुरात मिळालं. चांगलं वागल्याबद्दल.”

“जिंकल्याबद्दल न्हाई?”

“न्हाई. हरली. पण हूं की चूं केलं न्हाई, म्हणून दिलं.”

आण्णांनी चषक सौभाग्यवतींना दाखवला. “बघ की. हरली तरी हूं की चूं न्हाई. ह्याला म्हणायचं वळण.” मग माझ्याकडे बघून ते प्रेमानं म्हणाले, “पोरी, शिकलेल्या लई बघितल्या आम्ही. तोंडाला तोंड देणाऱ्या. आमच्या घरात अशी पाहिजे.”

त्याच वेळी दारात सर आले. स्वच्छ इस्त्रीचा पायजमा-सदरा, डोक्यावर टोपी. आत पाहुणे बसलेले बघून ते थबकले. त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर होता. मला वाटलं, ते परत जाणार. पण आप्पांनीच त्यांना हाक मारली.

“या या, सर. बरं आलात. आण्णा, हे हिचे सर. ह्यांनीच हिला शिकवलं.”

“वा!” आण्णा उठून उभे राहिले, सरांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं. “सर, तुमच्या हाताला गुण हाय बघा. पोरीला काय वळण लावलंय! आम्हाला पसंत हाय तुमची विद्यार्थिनी.”

सर बसले, पण टोकावर. आईनं त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. त्यांनी ती हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

“आप्पासाहेब,” ते म्हणाले, “मला थोडं बोलायचं होतं. आपण दोघंच.”

“हितंच बोला की. हे आता आपलेच झाले,” आण्णा हसले.

सरांनी आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांना इतका घाम आलेला कधी पाहिला नव्हता.

“त्या डावात ती हरलेली नव्हती,” ते म्हणाले. “डाव बरोबरीचा होता. तिनं सोडला, कारण मी तिला तसं शिकवलं. मी चुकीचं शिकवलं. तिनं तो डाव सोडायला नको होता. तिनं शेवटपर्यंत बसायला पाहिजे होतं. कुणी उसासे टाकले, कुणी खोकलं, तरी उठायला नको होतं. भांडायला पाहिजे होतं तिनं.”

श्रेणिकनं पहिल्यांदाच चपलांवरून नजर उचलली. आणि आप्पा माझ्याकडे बघत होते. आप्पांना ते कळलं होतं. दुकानात गिऱ्हाईक निघून जाता जाता दारात घुटमळलं की ते बघायचे तसे ते माझ्याकडे बघत होते, आता हे काय म्हणतंय म्हणून. एक शब्द पुरला असता. मला तेव्हाही तसं वाटलं आणि आजही वाटतं. मी एवढंच म्हटलं असतं, ‘आप्पा, मला शिकायचंय,’ तर त्यांनी पाहुण्यांना चहा पाजून, गोड बोलून वाटेला लावलं असतं. अट पुरी झाली नव्हती, पण सरांनी त्यांच्या हातात सबब दिली होती, आणि माझे आप्पा सबबीचीच वाट बघत होते.

आण्णा मोठ्यानं हसले. “सर, तुम्ही भारीच विनोदी ओ! भांडायला पाहिजे म्हणे!” मग ते माझ्याकडे वळले, डोळे मिचकावत. “काय गं पोरी, सर म्हणतात तसं भांडणार काय तू आमच्याशी?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी वर पाहिलं नाही.

“नाही,” मी म्हणाले.

खोलीत एकदम हसू फुटलं. सौ. बोरगावे म्हणाल्या, “गुणाची गं बाई!” आण्णांनी मांडीवर थाप मारली. आप्पांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं, आणि मग तेही हसले.

पुढच्या गोष्टी सांगण्यासारख्या नाहीत. लग्न वैशाखात झालं. बारावीची परीक्षा मी दिली, पण निकाल घ्यायला आप्पाच गेले. श्रेणिक वाईट नव्हते. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, चढवावा लागलाच नाही. त्या घरात माझी इतकी वर्षं गेली आणि सासरच्या कुणालाही माझ्याबद्दल एक तक्रार आठवत नाही, असं ते लोक आजही अभिमानानं सांगतात. ऐकताना मला कधी कधी घुसमटायला होतं. मुजावर सरांनी मात्र पाहुणे आले त्या रविवारनंतर प्रयोगशाळेची खोली बुधवारी उघडली नाही. पोरांनी बरेच दिवस वाट बघितली म्हणे. बाहुबलीनं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, मला जे येत होतं ते शिकवण्यासारखं नाही.

पण हे मला नंतर कळलं. त्या दुपारी आण्णांनी पेढ्यांचा पुडा फोडला आणि पहिला पेढा सरांच्या हातावर ठेवला. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. सरांनी तो खाल्ला. मग ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला. दारापर्यंत पोचवायला आईनं मला पाठवलं.

ओट्यावर आम्ही दोघंच होतो. आतून आण्णांचा आवाज येत होता, मुहूर्ताचं काहीतरी चाललं होतं. सर चपला घालायचं सोडून माझ्यासमोर उभे राहिले.

“राजमती,” ते हळू आवाजात म्हणाले, “अजून काही ठरलं नाही. सुपारी फुटलेली नाही. आप्पांनी तुझ्याकडं बघितलं, ते मी पाहिलं. आत जा. त्यांना बाजूला बोलाव. एक वाक्य बोल. ते ऐकतील.”

मी पदर सारखा केला.

“सर,” मी म्हणाले, “आत पाहुणे बसलेत.”